मोटारसायकलची नवी बॅटरी कशी निवडावी : खानदेशच्या उन्हात गाडी चालवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

उन्हाळा तापू लागला की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा अशा कोणत्याही गावच्या गॅरेजसमोर सकाळच्या वेळी एकच तक्रार ऐकू येते : "भाऊ, सेल्फ घेत नाही." मेकॅनिक बटण दाबून बघतो, सीटखालून टिक-टिक असा आवाज येतो आणि "बॅटरी गेली, नवी टाकून घ्या" असा निकाल लागतो. हा निकाल पुष्कळदा बरोबरही असतो. परंतु जुनी बॅटरी का गेली हे न पाहता, जी दुकानात हाताशी आली ती नवी बॅटरी बसवली, तर तीही वर्षभरात त्याच वाटेने जाते आणि दोष मात्र कंपनीच्या नावावर जमा होतो. म्हणून बॅटरी निवडण्याचे काम दुकानाची पायरी चढण्याआधी, आपल्या गाडीजवळच सुरू केले पाहिजे, आणि या लेखाचा क्रमही तोच ठेवला आहे.

आधी उष्णतेचा विचार

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जाणे आपल्याला नवे नाही. बसस्थानकाबाहेर किंवा बाजार समितीच्या आवारात दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या साइड पॅनलआड, इंजिनाच्या शेजारी बसवलेली बॅटरी हवेपेक्षाही जास्त तापते. शिसे आणि ॲसिडच्या (लेड-ॲसिड) बॅटरीत चालणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य अंदाजे निम्म्यावर येते, असा ठोकताळा या क्षेत्रात मानला जातो. उष्णतेने प्लेटांची जाळी लवकर गंजते, ॲसिडमधले पाणी उडते आणि बॅटरी नुसती पडून असतानाही तिच्यातला भार (चार्ज) भराभर उतरतो.

सर्वसाधारण समज असा असतो की बॅटरी थंडीत मरते. प्रत्यक्षात आपल्याकडे ती उन्हाळ्यात आतून झिजलेली असते आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी, इंजिनातले तेल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त जोर लागतो, तेव्हा ती झीज उघडी पडते. नंदुरबारहून तोरणमाळला निघालेल्या माणसाची गाडी पहाटे वरच्या थंडीत अडून बसली, तरी तिच्या बॅटरीचे नुकसान बहुधा खालच्या मैदानातल्या उन्हानेच केलेले असते. खानदेशात राहणाऱ्याने बॅटरी निवडताना तिचा ताजेपणा आणि गाडीच्या चार्जिंगचा अचूकपणा या दोन गोष्टींना किमतीपेक्षा आणि नावापेक्षा जास्त महत्त्व द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे येतील.

दोष बॅटरीचाच आहे का, हे तपासणे

यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो, आणि घरात दोन गाड्या असतील तर तो विकत घेऊनच ठेवावा.

गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. सकाळी किल्ली न लावता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल काडी प्लसला आणि काळी काडी मायनसला लावावी. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. आकड्यांतला हा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण सेल्फ चालणार की नाही ते त्यावरच ठरते. गाडी बंद करून लगेच मोजल्यास आकडा फसवा आणि चढा येतो, म्हणून रात्रभर थांबायचे. मीटर १०.५ च्या आसपास अडकून बसला आणि चार्ज करूनही हलत नसेल, तर उत्तर तेथेच मिळते : बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात आणि त्यांतला एक मेलेला आहे.

दुसरे मोजमाप सेल्फ दाबताना घ्यायचे. काड्या टर्मिनलवर धरून दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगावे. आकडा खाली येईल, ते स्वाभाविकच आहे; तो १० च्या वर राहिला तर बॅटरीला दोष देऊ नये आणि सेल्फची मोटर, रिले, अर्थिंगची वायर यांच्याकडे वळावे. तो साडेनऊच्याही खाली कोसळला तर बॅटरी दुबळी आहे किंवा नुसती उतरलेली आहे. यातले काय खरे, हे ठरवण्यासाठी ती काढून तिच्या क्षमतेच्या एक दशांश विद्युतधारेने सावकाश चार्ज करावी. म्हणजे ५ ॲम्पिअर-तासांच्या (बॅटरीत किती वीज साठते, त्याचे हे माप) बॅटरीला अर्धा ॲम्पिअर. ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणाऱ्या मोठ्या चार्जरवर तिला तासाभरात उकळून काढण्याची पद्धत गावोगाव दिसते, ती टाळावी. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर आकडा १२.६ च्या आसपास टिकला आणि सेल्फनेही जोर धरला, तर नवी बॅटरी घेण्याची गरजच नाही.

तिसरे मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. गाडी चालू करून इंजिनाचे फेरे चार-पाच हजारांपर्यंत वाढवावेत आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहावे. ते साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर असले पाहिजे. फेरे वाढवूनही ते १३ च्या पुढे सरकत नसेल, तर मॅग्नेटची (इंजिनाच्या फेऱ्यांवर वीज बनवणाऱ्या भागाची) कॉइल, तिचे कनेक्टर किंवा त्या विजेचे व्होल्टेज आवरून ती बॅटरीला देणारे रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडलेले आहे आणि बॅटरी उपाशी राहते आहे. ते १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर नीट आवर घालत नाही आणि बॅटरी अक्षरशः शिजते आहे; अशा वेळी काढलेल्या बॅटरीच्या कुशी फुगलेल्या दिसतात. या दोन्ही स्थितींत नवी बॅटरी टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. आधी रेग्युलेटर किंवा कॉइल दुरुस्त करावी, मग बॅटरी घ्यावी. जो मेकॅनिक हे मोजमाप न घेता बॅटरी बदलायला सांगतो, त्याला ते घ्यायला लावण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

शेवटी, किल्ली बंद असतानाही वीज गळते का, ते बघावे. मायनसची वायर सोडवून ती वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर मिलिॲम्पिअरवर जोडला की गळती दिसते. मीटर जोडलेला असताना किल्ली मात्र लावू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. घड्याळ असलेल्या गाडीत एक-दोन मिलिॲम्पिअर समजण्यासारखे आहेत. पण चोरीच्या भीतीने बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म १० मिलिॲम्पिअर खात असेल, तर ३ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तेवढ्याने बारा-तेरा दिवसांत पूर्ण रिकामी होऊ शकते. घरी उभी राहणारी गाडी दर पंधरवड्याला 'डाऊन' होते, तिचे कारण अनेकदा एवढेच असते.

आपल्या गाडीला काय लागते

खात्रीचे उत्तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि जुन्या बॅटरीच्या अंगावर असते. मात्र जुनी बॅटरी मागच्या मालकाने किंवा मेकॅनिकने भलतीच बसवलेली असू शकते, म्हणून दोन्ही ताडून पाहावे. १००-११० सीसीच्या सेल्फच्या गाड्यांत सहसा ३ ते ५ ॲम्पिअर-तास, १५० सीसीच्या आसपास ४ ते ९, जुन्या सेल्फच्या ३५० सीसी रॉयल एनफिल्डमध्ये १४ आणि त्याच कंपनीच्या अलीकडच्या ३५० सीसी गाड्यांत ८ ॲम्पिअर-तास अशा क्षमता आढळतात.

बॅटरीवरचा सांकेतिक क्रमांक वाचताना एक गफलत हमखास होते. '१२एन५-३बी' यासारख्या जुन्या पद्धतीच्या नावात १२ म्हणजे व्होल्ट आणि ५ म्हणजे ॲम्पिअर-तास असा सरळ अर्थ लागतो. पण 'वायटीएक्स९-बीएस' या नावातला ९ हा आकडा ॲम्पिअर-तास दाखवत नाही. ती बॅटरी ८ ॲम्पिअर-तासांची असते. 'वायटीएक्स५एल-बीएस' ४ ची आणि 'वायटीएक्स१४-बीएस' १२ ची. त्यामुळे नावातल्या आकड्यावर न जाता लेबलवर वेगळा छापलेला ॲम्पिअर-तासांचा आकडाच धरावा. याच मालिकेत आकड्यानंतर येणारे 'एल' हे अक्षर प्लसची बाजू सांगते. टर्मिनल आपल्याकडे करून बॅटरी समोर ठेवली असता 'एल' असलेल्या बॅटरीत प्लस उजवीकडे येतो, नसलेल्या बॅटरीत डावीकडे.

प्लसची बाजू उलटी आली तर गाडीची वायर पोचत नाही, मग कोणीतरी ती ताणून किंवा जोड देऊन पोचवतो, आणि धक्क्यांनी तो जोड एके दिवशी चॅसीला टेकतो. अशी बॅटरी परत करावी. लांबी, रुंदी, उंची मोजून कागदावर लिहून न्यावी. उंची दोन-चार मिलिमीटरने जास्त झाली तरी सीटचा पत्रा टर्मिनलवर दाबला जाऊ शकतो. उलट बॅटरी लहान पडली तर ती खोक्यात हिंदकळते. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातल्या रस्त्यांवर रोज गाडी चालवणाऱ्यांच्या बॅटऱ्या आतल्या प्लेटा निखळून जातात, त्यामागे सैल बसवणूक हे एक कारण असते.

"जरा मोठी टाकली तर जास्त टिकेल ना?" हा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतात. त्याच खोक्यात नीट बसत असेल तर एखाद्या ॲम्पिअर-तासाने मोठी बॅटरी चालते. परंतु गाडीचा मॅग्नेट जेवढी वीज बनवतो तेवढीच बनवत राहतो. जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न आणि हँडलवरचा मोबाइल चार्जर यांनी मिळणाऱ्यापेक्षा जास्त वीज खाल्ली, तर बॅटरी कितीही मोठी असली तरी ती उतरणारच, फक्त थोडी उशिरा. तेथे उपाय विजेचा वापर कमी करणे हाच आहे.

एक सूचना विशेषतः शेतकरी वाचकांसाठी. फवारणी पंपातली बारा व्होल्टची बॅटरी आकाराने जवळपास बसते, घरात पडूनही असते, आणि ती मोटारसायकलला जोडण्याचा मोह होतो. ती बॅटरी तासन्‌तास थोडी थोडी वीज देण्यासाठी बनवलेली आहे. सेल्फला मात्र काही क्षणांपुरती, पण प्रचंड विद्युतधारा लागते. तेवढी त्या पंपाच्या बॅटरीला आणि तिच्या पातळ पट्टीच्या टर्मिनलांना झेपत नाही, आणि ती टर्मिनले तापून वितळू शकतात. लहान यूपीएसमधल्या बॅटरीचेही तेच.

प्रकार कोणता घ्यावा

पाण्याची, म्हणजे वरून डिस्टिल्ड वॉटर घालण्याची बॅटरी आजही स्वस्त मिळते. तिच्यातले पाणी उष्णतेने कमी झाले तर भरता येते, हा आपल्या हवामानात तिचा खरा गुण आहे. पण उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी पातळी बघण्याची शिस्त असेल तरच तो गुण उपयोगी पडतो. पाणी डिस्टिल्डच हवे; बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने प्लेटा खराब होतात. वरून ॲसिड तर कधीच घालू नये, कारण उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच असते.

ज्यांना मेन्टेनन्स-फ्री म्हणतात त्या बंद बॅटऱ्यांत ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. ती सांडत नाही, पाणी मागत नाही, आणि लहान आकारात सेल्फला चांगला जोर देते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत कंपनीकडून हीच येते आणि तेथे तीच घ्यावी. मात्र तिच्यातून एकदा उडालेले पाणी परत घालता येत नाही. त्यामुळे व्होल्टेज पंधराच्या वर नेणारा रेग्युलेटर पाण्याच्या बॅटरीला जेवढा त्रास देतो त्याहून कितीतरी जास्त या बॅटरीला देतो, आणि ४५ अंशांच्या उन्हात तो त्रास आणखी वाढतो. जुन्या गाडीतली पाण्याची बॅटरी काढून बंद बॅटरी बसवायची असेल तर आधी वरचे तिसरे मोजमाप घेतलेच पाहिजे.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या वजनाला फार हलक्या असतात आणि नुसत्या उभ्या गाडीत दीर्घकाळ भार धरून ठेवतात. पण त्यांची किंमत कितीतरी पट असते, त्यांना वेगळा चार्जर लागतो, पूर्ण रिकाम्या झाल्या तर त्या कायमच्या निकामी होऊ शकतात, आणि लेबलवर 'लेड-ॲसिडच्या तुलनेत' असा फुगवलेला ॲम्पिअर-तासांचा आकडा छापलेला आढळतो. रोज शेतात, कामावर, बाजारात जाणाऱ्या गाडीसाठी मी तिची शिफारस करत नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. तिथे इंजिनाला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप आणि संगणकीय नियंत्रक दोन्ही बॅटरीच्या विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली तर अनेक गाड्या किकनेही चालू होत नाहीत. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत दुबळ्या बॅटरीवर सहा महिने निभावून नेता येत होते. इंजेक्शनच्या गाडीत, रात्री-अपरात्री मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्याने तो धोका पत्करू नये.

दुकानात काय पाहावे

सर्वप्रथम उत्पादनाची तारीख किंवा बॅच क्रमांक. तो खोक्यावर, लेबलवर किंवा बॅटरीच्या अंगावर कोरलेला असतो आणि कंपनीगणिक त्याची पद्धत वेगळी असते, म्हणून दुकानदाराकडूनच तो वाचून समजावून घ्यावा. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, सहा महिन्यांपुढची नाकारावी. पत्र्याच्या छताच्या दुकानात पूर्ण उन्हाळा काढलेली बॅटरी पॅकबंद असली तरी तिच्यातला भार उतरत गेलेला असतो आणि प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसू लागलेला असतो. तो थर पुढे कितीही चार्ज केले तरी पूर्ण निघत नाही. म्हणूनच पाचशे-सातशे रुपयांनी महाग पण मागच्या महिन्यात बनलेली बॅटरी, स्वस्त पण वर्षभर पडून राहिलेल्या बॅटरीपेक्षा परवडते.

नंतर काउंटरवरच मीटर लावायला सांगावे. ॲसिड भरलेली, चार्ज केलेली म्हणून विकली जाणारी बंद बॅटरी १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागावी. ॲसिड वेगळ्या बाटल्यांत येणारी बॅटरी असेल, तर ते भरून निदान अर्धा तास थांबून मग काही तास सावकाश चार्ज केल्याशिवाय गाडीला जोडू नये. गर्दीच्या वेळी दुकानदार ॲसिड भरून लगेच हातात देतो आणि "गाडीवर होईल चार्ज" म्हणतो. तसे केले तर बॅटरी तिच्या पूर्ण क्षमतेला कधीच पोचत नाही. एक दिवस उशीर झाला तरी चालेल, पण ती चार्ज करूनच न्यावी.

वॉरंटी कार्डावर '२४ अधिक २४ महिने' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ नीट विचारून घ्यावा. सहसा पहिल्या भागात बॅटरी बदलून मिळते आणि दुसऱ्या भागात नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर ठरावीक सवलत मिळते. फुगलेली, फुटलेली किंवा नुसती उतरलेली बॅटरी वॉरंटीत धरली जात नाही. कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीवरचाच अनुक्रमांक असावा, पक्के बिल घ्यावे, आणि कंपनीची ऑनलाइन नोंदणी असेल तर ती दुकानातच करून घ्यावी. नोंदणीच्या वेळी तो क्रमांक आधीच वापरलेला निघाला, तर बॅटरी जुनी किंवा बनावट लेबलची असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. दावा करायला प्रत्यक्ष कुठे जावे लागेल, हेही विचारावे; नवापूर किंवा यावलच्या माणसाला त्यासाठी प्रत्येक वेळी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागणार असेल, तर जवळच्या विक्रेत्याकडून घेणेच शहाणपणाचे.

किंमत विचारताना जुनी बॅटरी देऊन किती आणि न देता किती, असे दोन्ही भाव विचारावेत. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घरी फोडून शिसे काढणे किंवा ॲसिड बांधावर, नाल्यात ओतणे हे जमिनीला आणि घरातल्या लेकरांना घातक आहे. जुनी बॅटरी उभीच धरून दुकानात द्यावी.

बसवताना

किल्ली बंद करून आधी मायनस सोडवावा, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. क्रमाचे कारण असे की गाडीचे पूर्ण लोखंड मायनसला जोडलेले असते. मायनस जोडलेला असताना प्लसचा स्क्रू फिरवणारा पाना चॅसीला टेकला, तर ठिणगी उडून पाना टर्मिनलला चिकटू शकतो. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना चॅसीला लागला तरी काही होत नाही.

बंद बॅटरीच्या टर्मिनलमधला लहान चौकोनी नट स्क्रू लावताना खाली सरकून बसतो आणि आटे पकडत नाहीत. त्याखाली रबराचा किंवा स्पंजचा छोटा तुकडा ठेवला की नट वर उचलला जातो आणि काम सोपे होते. वायरच्या गोल टोकावरचा हिरवट-पांढरा थर पॉलिश पेपरने घासून काढावा, स्क्रू घट्ट करावा पण शिशाचे टर्मिनल पिळवटेल इतका नव्हे, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. प्लसवरची रबरी टोपी आणि बॅटरी आवळणारा पट्टा हे दोन्ही पुन्हा जागेवर गेलेच पाहिजेत. पाण्याच्या बॅटरीची वायू सोडणारी नळी चेनवर किंवा सायलेन्सरवर लोंबणार नाही अशी खाली सोडावी.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवून पेट्रोलच्या या पंपाचा घरघर आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबून मग सेल्फ मारावा. गाडी चालू झाल्यावर चार्जिंगचे व्होल्टेज पुन्हा एकदा मोजावे आणि तो आकडा तारखेसह वॉरंटी कार्डाच्या मागे लिहावा. पुढे दावा करायची वेळ आली तर गाडीचे चार्जिंग योग्य होते, हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

पुढची निगा थोडीच आहे. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या होत असतील तर सेल्फने खर्च केलेली वीज भरून निघत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास गाडी चालवावी. आणि जागेवर उभी करून, मंद फेऱ्यांवर इंजिन चालू ठेवल्याने ते काम होत नाही. दुपारी गाडी सावलीत लावावी. कामासाठी सुरत किंवा पुण्याला जाऊन महिनोन्‌महिने गाडी घरी उभी राहणार असेल, तर मायनसची वायर सोडवून ठेवावी आणि घरातल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा बॅटरी मीटरवर बघायला सांगावी. आकडा १२.४ च्या खाली दिसला की ती लगेच चार्ज करून घ्यावी, कारण अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहणारी बॅटरी उन्हाळ्याचे दोन महिने सहसा काढत नाही.